जुने कॅमेरे आणि लेन्स सुखरूप पोचवणं, आणि त्यांचा विमा: पाच महिन्यांच्या नोंदी

४ फेब्रुवारी

दादा जुने यांत्रिक कॅमेरे आणि लेन्स दुरुस्त करतो. उघडणं, साफ करणं, शटरचा वेग जुळवणं त्याच्याकडे. फोटो काढून ऑनलाइन विकणं आणि पाठवणं माझ्याकडे. आतापर्यंत माझी पाठवणी म्हणजे खोका, बबल रॅप, टेप आणि कुरिअरची पावती एवढीच होती.

काल परदेशातल्या गिऱ्हाइकाकडून एक लेन्स परत आली. पुढची कडा चेपलेली आणि फोकसची रिंग जागच्या जागी घट्ट. काचा शाबूत आहेत, पण रिंग फिरवल्यावर लेन्स पुढे-मागे सरकवणाऱ्या आट्यांची नळी, म्हणजे हेलिकॉइड, वाकली आहे. दादाचं आठवडाभराचं काम त्यात होतं. तो एक शब्द बोलला नाही, लेन्स उचलून टेबलावर ठेवली आणि दिवा लावून बसला. हे काम नीट शिकून घ्यायचं, असं मी तेव्हाच ठरवलं.

वाहतूक कंपनीकडे भरपाई मागितली, तर लेन्सच्या किमतीच्या दहाव्या भागापेक्षाही कमी रक्कम मंजूर झाली. मी भांडायच्या तयारीत होते, पण हिशोब केला तर त्यांचं बरोबर निघालं. विमानाने देशाबाहेर जाणाऱ्या मालाला बहुतेक देशांमध्ये १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागू आहे. त्यात वाहतूकदाराची जबाबदारी मालाच्या किमतीवर नाही, तर वजनावर ठरते. २८ डिसेंबर २०२४ पासून ती मर्यादा किलोमागे २६ एसडीआर आहे. (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक.) माझं पार्सल १.४ किलोचं, म्हणजे ३६.४ एसडीआर. त्यात लेन्सऐवजी लोखंडी बिजागऱ्या असत्या, तरी मर्यादा तेवढीच राहिली असती. सीमेपार ट्रकने जाणाऱ्या मालाचा सीएमआर करार तर किलोमागे ८.३३ एसडीआरवरच थांबतो. टपालाचं वेगळंच. तिथे मॉन्ट्रियल करार ग्राहकाला लागत नाही, जागतिक टपाल संघाचे आणि त्या-त्या टपाल खात्याचे नियम चालतात.

हलकी आणि महाग वस्तू विकणाऱ्या प्रत्येकाची इथे कोंडी होते. घरातली पद्धत बसेपर्यंत मोठ्या किमतीचं काहीही पाठवायचं नाही, असं ठरवलं. चार वस्तू विकल्या गेल्या होत्या, त्या चौघांना उशीर होईल असं कळवलं. एकाने ऑर्डर रद्द केली.

७ फेब्रुवारी

पहिली समजूत चुकीची निघाली. कुरिअरच्या फॉर्मवर ‘घोषित मूल्य’ असा रकाना असतो. तिथे पूर्ण किंमत लिहून जादा आकार भरला की विमा झाला, असं मी तीन वर्षं धरून चालले होते. तो विमा नाही. आकार भरल्याने वाहतूकदाराच्या जबाबदारीची मर्यादा वर सरकते, बस. बाकी अटी त्याच्याच राहतात: कुठल्या वस्तू घेणार नाही, काय भरून देणार नाही, जास्तीत जास्त किती. दुसरं म्हणजे चूक झाली की नाही हे ज्याच्याकडून झाली त्यालाच विचारत बसावं लागतं.

तीन कुरिअरच्या अटी पूर्ण वाचल्या, साडेपाच तास गेले. दागिने, रोख, मौल्यवान धातू, कलाकृती आणि पुरातन वस्तू दोन ठिकाणी सरळ वगळलेल्या आहेत. अशी वस्तू घोषित करून, आकार भरून पाठवली तरी नुकसान झाल्यावर ‘ही आमच्या यादीत बसत नाही’ एवढं उत्तर त्यांना पुरतं. आमचे कॅमेरे पुरातन ठरण्याइतके जुने नाहीत, पण जाहिरातीत मी सगळीकडे हौसेने ‘अँटिक’ लिहिलं होतं. आजच सगळीकडून काढलं, ‘वापरलेला, दुरुस्त केलेला’ असं केलं. जाहिरातीतला शब्द दाव्याच्या फायलीत जाऊ शकतो, हे आधी डोक्यातच नव्हतं.

१२ फेब्रुवारी

वाहतूकदारापासून वेगळा, स्वतःचा माल-विमा घ्यायचा ठरलं. लंडनच्या बाजारात तयार झालेली ‘इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस’ ही कलमं जगभर वापरली जातात. सध्याची आवृत्ती १ जानेवारी २००९ ची. तिचे अ, ब, क असे तीन प्रकार. क सगळ्यांत स्वस्त; मीही आधी त्याच्याकडेच वळले होते. पण क मध्ये आग, स्फोट, वाहन उलटणं, टक्कर, जहाज रुतणं असे मोठे अपघातच येतात. चोरी त्यात नाही, ब मध्येही नाही. एक लेन्स गायब झाली तर क चा कागद घेऊन काय करणार? आमच्यासारख्यांना अ शिवाय इलाज नाही.

अ मध्ये ‘सर्व जोखमी’ म्हटलं आहे, पण वगळलेल्या गोष्टींची यादी आहेच. विमेदाराने मुद्दाम केलेलं नुकसान, नेहमीची झीज, वस्तूच्या अंगचा दोष आणि उशिरामुळे झालेलं नुकसान ही त्यातली काही. युद्ध आणि संपासाठी वेगळी कलमं. त्या यादीतली ‘अपुरं किंवा अयोग्य पॅकिंग’ ही एक ओळ मी लाल पेनने अधोरेखित करून भिंतीवर लावली. माझ्या जुन्या पद्धतीने, म्हणजे एका खोक्यात बबल रॅप आणि चुरगळलेला कागद, पाठवलेली लेन्स विमा असूनही नाकारली गेली असती.

१८ फेब्रुवारी

विमा ब्रोकरशी पाऊण तास फोनवर. त्यांनीच एक गोष्ट दाखवली नसती तर फसले असते. वापरलेल्या यंत्रांच्या पॉलिसीत बहुतेक वेळा एक जास्तीचं कलम जोडतात: बाहेरून धक्क्याची खूण नसेल तर आतल्या यांत्रिक किंवा विजेच्या बिघाडाची भरपाई नाही. आमच्या धंद्यात हीच तर नेहमीची तक्रार असते. खोका ठाकठीक, कॅमेऱ्यावर ओरखडा नाही, आणि शटर उघडतच नाही.

मी विचारलं, “हे कलम काढता येईल का?” ते म्हणाले, “काढणार नाहीत, पण तुमच्याकडे पाठवण्याआधी यंत्र चालू होतं याचा पुरावा आणि वाटेत धक्का बसल्याचा पुरावा असेल तर विमा कंपनीशी बोलता येईल, मॅडम.” चार दिवसांनी लेखी उत्तर आलं: निघण्याआधीचा चाचणीचा व्हिडिओ आणि आतल्या खोक्यावर धक्का दाखवणारं स्टिकर, दोन्ही असतील तर तो बाहेरच्या कारणाचा पुरावा धरू. ते उत्तर पॉलिसीला जोडून घेतलं. फोनवरच्या होकारावर थांबू नका, ईमेल घ्या.

किमतीतही माझी चूक होत होती. मी खरेदीची किंमत विमा रक्कम म्हणून लिहिणार होते, कारण हप्ता कमी येत होता. वस्तू १०० ची असताना विमा ६० चा उतरवला आणि ४० चं नुकसान झालं, तर हातात २४ येतात. उरलेल्या भागाचं नुकसान आपणच सोसायचं. आता विक्रीची किंमत अधिक पाठवणीचा खर्च, त्यावर १० टक्के, अशी रक्कम लावते. मालाच्या विम्यात ही १० टक्क्यांची भर जुनीच रीत आहे. वापरलेल्या वस्तूची किंमत पुढे वादात पडू नये म्हणून खरेदीची पावती, दादाची दुरुस्तीची वही आणि विक्रीचं बिल एकाच फोल्डरमध्ये.

२४ फेब्रुवारी ते ९ मार्च: पॅकिंग

सगळ्यांत जास्त वेळ इथे गेला आणि मला तो वाया गेल्यासारखा वाटत नाही.

पॅकिंग पुरेसं आहे हे कोणी ठरवायचं? आयएसटीए या संस्थेच्या चाचण्या पार्सलसाठी सर्वमान्य आहेत. त्यातल्या साध्या चाचणीत हलकं पार्सल ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा टाकतात: एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहा वेळा सहा बाजूंवर. प्रयोगशाळेचा दाखला आमच्या ऐपतीबाहेरचा, पण ७६ सेंटिमीटर मोजून खोका टाकायला टेप पुरते. दादाने सुटे भाग काढून संपलेला एक कॅमेरा दिला. त्यात बोल्ट भरून वजन बरोबर ९०० ग्रॅम केलं.

पहिला प्रयत्न: धक्का मोजायला फोनच आत ठेवला. दहाही वेळा जवळपास एकच आकडा. दोन संध्याकाळी मी त्या आकड्यांचा तक्ता करत बसले. मग कळलं की माझ्या फोनमधला सेन्सर ८ जीच्या पुढे मोजतच नाही. (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा जोर, ८ जी म्हणजे त्याच्या आठपट.) प्रत्येक वेळी तो आपल्या कमाल आकड्याला टेकत होता. तक्ता फेकला. धक्क्याची स्टिकर मागवली. ठरलेल्या जीच्या वरचा धक्का बसला की आतली नळी लाल होते. २५, ५० आणि १०० जीची घेतली. ती यायला पाच दिवस.

दुसरा प्रयत्न: मऊ स्पंज, चारी बाजूंनी ५ सेंटिमीटर. हाताला इतका छान लागतो की हाच बरोबर असं वाटतं. पहिल्याच धक्क्यात १०० जीचं स्टिकर लाल. खोका उघडला तर स्पंज एका जागी कागदासारखा चपटा. कॅमेऱ्याने तो पूर्ण दाबून थेट पुठ्ठ्यावर डोकं आपटलं होतं.

तिसरा प्रयत्न: कडक पांढरा पॉलिइथिलीन फोम. हा दबलाच नाही. ५० जीचं लाल, १०० जीचं शाबूत. इथे मी अडकले. मऊ चालत नाही, कडक चालत नाही. दादाने बघून लगेच विचारलं, “कॅमेरा फोमवर किती जागेवर टेकतोय?” तळ १४ गुणिले ९, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटर. ९०० ग्रॅम त्यावर पसरले की चौरस सेंटिमीटरला जेमतेम ७ ग्रॅम. एवढ्या हलक्या भाराने कडक फोम दबणार कसा? आणि दबला नाही तर धक्का गिळणार कसा? ७६ सेंटिमीटरवरून आलेली वस्तू १ सेंटिमीटरात थांबली तर सरासरी धक्का सुमारे ७६ जीचा, ३ सेंटिमीटरात थांबली तर सुमारे २५ जीचा. थांबायला अंतर मिळालं पाहिजे.

चौथा प्रयत्न: तोच कडक फोम, पण आतल्या बाजूने कटरने खाचा पाडून फक्त पट्ट्या ठेवल्या. टेकण्याची जागा ४० चौरस सेंटिमीटरवर आणली. दहा वेळा टाकलं. ५० जीचं स्टिकर पांढरंच. २५ चं कोपऱ्यावर लाल झालं, ते मान्य केलं. दुसऱ्या दिवशी नवा फोम कापून पुन्हा दहा वेळा, तोच निकाल. मी दादाला हाक मारून दाखवलं, त्याने स्टिकर दिव्याखाली धरून नीट बघितलं आणि पुढचा कॅमेरा पॅक करायला दिला.

आता रचना अशी. कॅमेरा पातळ प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी. मग फोमच्या पट्ट्यांचा गाभा आणि तीन प्लायचा आतला खोका. त्याच्या झाकणावर ५० जीचं स्टिकर, आणि बाहेर पाच प्लायचा नवा खोका. नवाच. वापरलेल्या खोक्याच्या घड्या आणि कोपरे आधीच मोडलेले असतात, ओल लागली तर पुठ्ठ्याची ताकद आणखी झपाट्याने जाते. टेप वर आणि खाली इंग्रजी एचच्या आकारात, मधली फट आणि दोन्ही कडा बंद. लेन्स कॅमेऱ्याला लावून कधीच पाठवायची नाही. धक्का बसला की तिचं वजन माउंट, म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसते ती कडी, पिळून काढतं. वेगळी काढून, दोन्ही टोकांना झाकण, फोकस अनंतावर, म्हणजे बहुतेक लेन्सची नळी पूर्ण आत जाते.

खर्च: वाया गेलेला फोम, स्टिकर आणि खोके मिळून साधारण तीन पार्सलच्या भाड्याएवढा. वेळ: तेरा संध्याकाळी.

१२ मार्च

पॅकिंग जमलं आणि भाडं दुपटीहून वर गेलं. विमानाच्या पार्सलचं भाडं खऱ्या आणि व्हॉल्युमेट्रिक वजनातल्या जास्त आकड्यावर लागतं. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायचं. माझा खोका ३० गुणिले २५ गुणिले २०. उत्तर ३ किलो, खरं वजन १.४.

फोमची जाडी कमी करायची नव्हती, म्हणून आतला खोका बदलला. बाहेरचं माप २६ गुणिले २२ गुणिले १८ झालं, वजन २.०६. खूश होऊन पन्नास खोक्यांची ऑर्डर दिली. पहिलं बिल आलं २.५ किलोचं. वजन पुढच्या अर्ध्या किलोच्या टप्प्यापर्यंत वर धरतात, हे मी विसरले होते. लांबी २६ ऐवजी २५ असती तर १.९८, म्हणजे २ किलोचंच भाडं. एका सेंटिमीटरसाठी प्रत्येक पार्सलला अर्धा किलो जास्त. दोन दिवस पट्टी घेऊन २६ चे २५ करायची युक्ती शोधत होते; घडी हलवली की खोका कमकुवत होतो. ते पन्नास देशांतर्गत पार्सलला वापरून संपवले आणि नवे मागवले.

१६ मार्च

पुराव्याचा क्रम ठरवला. आता न चुकता, न तोडता एकच व्हिडिओ: अनुक्रमांक जवळून, शटर सगळ्या वेगांवर, लेन्समधून दिव्याकडे बघून काच, मग पॅकिंग, टेप, आणि शेवटी खोका काट्यावर, आकडा दिसेल असा. ग्रॅमपर्यंत. पत्त्याची चिठ्ठी त्याच व्हिडिओत चिकटवायची. पार्सल न्यायला आलेल्या माणसाच्या हातात न देता काउंटरवर जाऊन देते, तिथे वजन करून स्कॅनची पावती घेते. सोमवारी किंवा मंगळवारी, म्हणजे सुट्टीत गोदामात पडून राहात नाही.

दुकानाच्या नावाची छापील टेप मला फार आवडायची. त्यावर कॅमेऱ्याचं चित्र होतं. आत काय आहे ते चोराला सांगणारी टेप. बंद केली.

२० मार्च ते ४ एप्रिल

पहिलं मोठं पार्सल कस्टम्समध्ये अकरा दिवस अडकलं. चूक माझी. वर्णनात ‘कॅमेरा भाग, वापरलेला’ एवढंच लिहिलं होतं. एचएस कोड म्हणजे माल कुठल्या प्रकारचा हे कस्टम्सला सांगणारा आकडा. त्याचे पहिले सहा आकडे जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या यादीप्रमाणे सगळीकडे एकच असतात. फिल्म कॅमेरे ९००६ खाली, बसवलेल्या लेन्स ९००२ खाली. मी भागाचा कोड लावला आणि किंमत पूर्ण कॅमेऱ्याची. अधिकाऱ्याला शंका येणारच. आता लिहिते: ‘वापरलेला ३५ मिमी यांत्रिक फिल्म कॅमेरा, बॅटरीशिवाय’, सोबत अनुक्रमांक. टपालाने जाणाऱ्या छोट्या पाकिटाला (स्मॉल पॅकेट) ३०० एसडीआर किमतीपर्यंत सीएन २२ आणि त्यावर सीएन २३ हा कस्टम्सचा फॉर्म लागतो, तोही तक्ता भिंतीवर लावला.

या अकरा दिवसांची भरपाई विम्यातून नाही, कारण उशीर वगळलेला आहे. गिऱ्हाईक थांबलं म्हणून बरं.

७ एप्रिल

एका गिऱ्हाइकाने लिहिलं: कागदावर किंमत निम्मी दाखवा, ‘भेटवस्तू’ म्हणा, म्हणजे मला शुल्क कमी पडेल. याला नकार द्यायचा. कस्टम्सला खोटं सांगणं गुन्हा आहेच, शिवाय विमा कंपनी दाव्यात हाच कागद मागते. निम्मी किंमत तिथे आपल्याच सहीने लिहिलेली असते. मी त्यांना शांतपणे हे सगळं लिहिलं आणि शुल्काचा अंदाज आधीच दिला. त्यांनी तरी घेतला. आता प्रत्येक परदेशी जाहिरातीत शुल्क कोण भरणार ही ओळ वरच असते.

९ एप्रिल

दोन वस्तू पाठवायच्या ढिगातून परत काढल्या. एका कॅमेऱ्याच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरमध्ये जुना १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल तसाच होता, तो काढला. दुसरी पिवळट पडलेली लेन्स. गेल्या शतकाच्या मध्यात काही लेन्सच्या काचेत थोरियम वापरत, आणि ती काच किंचित किरणोत्सारी असते. घरात ठेवायला काळजी नाही, पण वाहतूकदाराच्या अटीत किरणोत्सारी वस्तू वगळलेल्या असतात. लेखी विचारलं, नकार आला. जाहिरात बदलून ‘प्रत्यक्ष येऊन घ्यावी’ केलं.

२२ एप्रिल

गिऱ्हाईक म्हणतं पार्सल आलं नाही, कुरिअरची नोंद म्हणते पोचलं. नोंदीतली सही म्हणजे एक आडवी रेघ. चार दिवस पत्रव्यवहार चालला आणि शेवटी पार्सल त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर सापडलं. नुकसान शून्य, पण या काळात गिऱ्हाइकाने बँकेकडे पैसे परत मागितले होते आणि ते सोडवायला आणखी बारा दिवस गेले.

यातून पॉलिसी पुन्हा वाचली. आमचा विमा वाटेतल्या जोखमीचा आहे. पोचल्यावर दारातून चोरी झाली किंवा गिऱ्हाइकाने खोटं सांगितलं, तर तो संपलेला असतो. म्हणून आता नाव लिहिलेल्या व्यक्तीच्याच हातात, ओळखपत्र बघून आणि सही घेऊन, ही जादा सेवा प्रत्येक महाग पार्सलला घेते. पार्सल निघाल्यावर पत्ता बदलून मागितला तर बदलत नाही. परत मागवून पुन्हा पाठवते. फसवणुकीचा हा नेहमीचा रस्ता आहे आणि बदललेला पत्ता पॉलिसीच्या नोंदीशी जुळत नाही.

१४ मे

खोका पोचला, लेन्स नाही. टेप शाबूत वाटत होती.

गिऱ्हाइकाने फोटो पाठवला आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण आतलं भरण त्यांनी टाकून दिलं होतं. “खोका तरी आहे का?” असा मेसेज केला. नशिबाने बाहेरचा होता. खालच्या बाजूला आमच्या टेपवर दुसरी, किंचित वेगळ्या छटेची टेप बसवलेली दिसली. काउंटरच्या पावतीवर १,३८५ ग्रॅम. वाटेतल्या दुसऱ्या केंद्रावर कुरिअरने स्वतः केलेलं वजन ७४५ ग्रॅम. ६४० ग्रॅम कुठे गेले ते त्यांच्याच कागदावर होतं. हा आकडा मिळवायला कुरिअरला तीन ईमेल लिहावे लागले. गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर तो दिसत नाही.

त्याच दिवशी दोन पत्रं लिहिली. एक विमा कंपनीला, एक वाहतूकदाराला. वाहतूकदाराला लेखी तक्रार करावीच लागते, कारण भरपाई दिल्यावर विमा कंपनी त्याच्याकडून वसुली करते आणि तो हक्क आपण बुडवला तर दावा अडतो. मॉन्ट्रियल करारात मोडतोडीची तक्रार माल मिळाल्यापासून १४ दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत द्यायची असते. गिऱ्हाइकांना हे कसं माहीत असणार?

म्हणून रात्री बसून एक चिठ्ठी तयार केली, ती आता आतल्या खोक्याच्या वर असते: उघडण्याआधी सहा बाजूंचे फोटो काढा, स्टिकर लाल असेल तर त्याचा फोटो काढा, काहीही फेकू नका, २४ तासांत कळवा.

२१ जून

दावा मंजूर. ३८ दिवस लागले. कागद मागण्याच्या चार फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत वस्तूची किंमत कशावरून, हे विचारलं. दादाच्या वहीतली तीन पानं आणि बिल पाठवलं, त्यावर पुढे प्रश्न आला नाही. सर्व्हेअरने, म्हणजे नुकसान तपासणाऱ्या माणसाने, व्हिडिओ पूर्ण मागवला, काट्यावरचा आकडा वाचून घेतला. ठरलेला ५ टक्क्यांचा माझा हिस्सा कापून बाकी रक्कम आली. गिऱ्हाइकाचे पैसे मी मे महिन्यातच परत केले होते. विम्याच्या पैशासाठी त्यांना थांबवणं मला पटलं नाही. पण याचा अर्थ दोन-तीन मोठ्या पार्सलएवढी रक्कम हाताशी बाजूला ठेवावी लागते.

२८ जून

पार्सलगणिक विमा सोडून वर्षाच्या खुल्या पॉलिसीवर आले. हप्ता कमी पडतो, पण तिच्यात बसणारं प्रत्येक पार्सल कळवावं लागतं. जोखमीचं वाटेल तेवढंच कळवून चालत नाही. पहिल्याच आठवड्यात दोन स्वस्त पार्सल कळवायची राहिली. ब्रोकरना स्वतःहून सांगितलं, त्यांनी नोंद करून घेतली. आता पत्त्याची चिठ्ठी छापण्याआधी नोंद, असा क्रम लावला आहे. एका पार्सलची कमाल मर्यादा पॉलिसीत ठरलेली आहे, म्हणून तीन लेन्सची एक ऑर्डर दोन वेगळ्या दिवशी पाठवली.

२ जुलै

फेब्रुवारीतली लेन्स दादाने सोडवली. हेलिकॉइड दुसऱ्या मोडक्या लेन्समधून घ्यावं लागलं. ती आज नव्या गिऱ्हाइकाकडे निघाली, ६८० ग्रॅम, पट्ट्यांच्या फोममध्ये.

फोल्डर बंद करताना लक्षात आलं की गिऱ्हाइकाने वस्तू परत पाठवली तर तो प्रवास आमच्या पॉलिसीत आपोआप येत नाही. शिवाय पॅकिंग त्यांच्या हातचं. ब्रोकरना आज ईमेल केला आहे: परतीचं पार्सल निघण्याआधी आम्ही कळवलं आणि गिऱ्हाइकाने आमचाच खोका, आमचाच फोम वापरून पॅकिंगचा व्हिडिओ दिला, तर ते धराल का? तोपर्यंत चिठ्ठीच्या मागच्या बाजूला खोका पुन्हा कसा भरायचा त्याची चार चित्रं काढते आहे.